पाकिटावर फुलीचा नंबर छापा : स्क्रू आणि स्क्रू ड्रायव्हर बनवणाऱ्या कारखानदारांना खुलं पत्र

प्रति,
हातअवजारं, बिट आणि स्क्रू बनवणारे देशातले सर्व कारखानदार

सप्रेम नमस्कार.

माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. फुलीच्या खाचेचा स्क्रू बनवत असाल, तर त्याच्या पाकिटावर खाचेचा प्रकार आणि नंबर छापा. फुलीचा स्क्रू ड्रायव्हर बनवत असाल, तर तोच प्रकार आणि तोच नंबर त्याच्या दांडीवर कोरा आणि मुठीच्या बुडावर उठवा. पीएच 2, पीझेड 2, पीएच 1. पीएच म्हणजे फिलिप्स, साधी फुली; पीझेड म्हणजे पॉझिड्राइव्ह, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी फुली. दोन अक्षरं आणि एक आकडा, एवढाच मजकूर.

मिक्सर, गिझर, पंखे, स्विचबोर्ड दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. दुकानात येणाऱ्या वस्तूंपैकी कितीतरी वस्तू आधी घरी कुणीतरी उघडायचा प्रयत्न केलेला असतो. त्याचा काही दोष नसतो. घरात जो ‘स्टार’, म्हणजे फुलीचा ड्रायव्हर, होता तो त्याने लावला. स्क्रू फिरला नाही, ड्रायव्हर मात्र फिरला आणि फुलीच्या जागी गोल खड्डा उरला. मग वस्तू माझ्याकडे येते तेव्हा मूळ बिघाड दहा मिनिटांचा असतो, आणि तो स्क्रू काढण्यात अर्धा दिवस जातो. डोकं ड्रिलने उडवावं लागतं, प्लॅस्टिकमध्ये बसवलेली पितळी नट मोकळी होते, कधी वस्तूचा खालचा भागच बदलावा लागतो. मजुरी गिऱ्हाइकाला भरावी लागते आणि त्याला वाटतं, दुरुस्तीवाल्याने लुटलं.

आता हार्डवेअरच्या दुकानात काय होतं ते बघा. गिऱ्हाईक म्हणतं, “एक स्टार द्या.” दुकानदार विचारतो, “केवढा, सहा इंची की आठ इंची?” गिऱ्हाईक सहा इंची घेतं, दहा रुपये वाचतात, सौदा संपतो. इंच हे दांडीच्या लांबीचं माप आहे. लांबी सांगते की हात किती आत पोचेल. स्क्रूच्या खाचेत काय बसेल, याच्याशी तिचा काडीचाही संबंध नाही. एकाच 2 नंबरच्या टोकाचा ड्रायव्हर बोटभर दांडीचाही मिळतो आणि हातभर दांडीचाही. तुमच्या वेष्टनावर ‘6 x 150’ असं मोठ्या अक्षरात असतं. त्यातले 6 मिलिमीटर दांडीच्या जाडीचे, 150 लांबीचे. टोकाचा नंबर त्यात कुठेच नाही. जो रोज हेच काम करतो त्याला अंदाज असतो की साधारणपणे 5 मिलिमीटर दांडीला 1 नंबरचं टोक असतं, 6 ला 2 नंबरचं आणि 8 ला 3 नंबरचं. पण स्वस्त मालात हा संकेतही पाळला जात नाही. 6 मिलिमीटरच्या दांडीवर ना धड 1, ना धड 2 असं टोक घासून दिलेले ड्रायव्हर मी हातात घेतले आहेत.

स्क्रूच्या पाकिटाची गत वेगळी नाही. त्यावर ‘8 x 35’ लिहिलेलं असतं. 8 हा स्क्रूच्या जाडीचा गेज, 35 ही मिलिमीटरमधली लांबी. नवीन सुतार किंवा हौशी माणूस हा 8 बघतो आणि ड्रायव्हरवर 8 शोधतो. खरं तर 8 गेजच्या लाकडी स्क्रूला फुली असते 2 नंबरची. हे त्याला कुणी सांगायचं? पाकीटच सांगू शकतं, दुसरं कुणी नाही.

नंबरांचा हिशेब तसा अवघड नाहीच. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या 4757 या मानकात फुलीच्या खाचा बांधून दिलेल्या आहेत. मशीन स्क्रूच्या बाबतीत (इथे ‘एम’च्या पुढचा आकडा म्हणजे मिलिमीटरमधली जाडी) एम 2 पर्यंतच्या बारीक स्क्रूंना 0 नंबर, एम 2.5 आणि एम 3 ला 1 नंबर, एम 3.5 पासून एम 5 पर्यंत सगळ्यांना 2 नंबर, एम 6 ला 3 नंबर, आणि एम 8, एम 10 ला 4 नंबर. घरातल्या बहुतेक वस्तू एम 3.5 ते एम 5 मध्ये येतात, म्हणून घरात एकच ड्रायव्हर ठेवायचा तर तो 2 नंबरचा ठेवावा. खेळण्याच्या बॅटरीचं झाकण, रिमोट, काही प्लग यांना 1 किंवा 0. इतकं साधं ज्ञान आहे. पण ज्ञान असूनही वस्तूवर आकडा नसेल तर ते वापरायचं कसं? सायकलच्या ट्यूबवर माप छापलेलं नसतं आणि दुकानदार ‘मोठी देऊ की छोटी’ असं विचारत असता, तर आपण ते चालवून घेतलं असतं का?

चुकीच्या नंबरने नेमकं काय होतं, ते तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही, टोकं तुम्हीच घडवता. तरी हे पत्र वापरणारेही वाचतील म्हणून लिहितो. साध्या फुलीच्या टोकाच्या चार पाकळ्या सरळ उभ्या नसतात, खाली निमुळत्या होत जातात. स्क्रूच्या खाचेच्या भिंतीही तशाच उतरत्या. पीळ दिला की जोराचा काही भाग स्क्रू फिरवतो आणि काही भाग ड्रायव्हरला त्या उतारावरून वर ढकलतो. म्हणून फिरवताना वरून दाबावं लागतं. टोक आणि खाच एकाच नंबरची असतील तर पाकळ्या भिंतींना पूर्ण टेकतात, जोर पसरतो, दाबही बेताचा पुरतो. 2 नंबरच्या खाचेत 1 नंबरचं टोक घातलं तर ते बुडाशी जाऊन टेकतं आणि भिंतींच्या खालच्या कडांनाच तेवढं धरतं. सगळा जोर त्या बारीक कडांवर येतो, त्या वळतात, आणि खाच खाल्ली जाते. उलट 1 नंबरच्या खाचेत 2 नंबरचं टोक आत जातच नाही, वरच्या वर घसरतं.

योग्य जोडी ओळखायची एक खूण आहे. ड्रायव्हरच्या टोकावर स्क्रू बसवा, हलकेच दाबा आणि ड्रायव्हर आडवा धरा. चुंबक नसतानाही स्क्रू टोकावर टिकून राहिला, डुगडुगला नाही, तर जोडी जमली. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच करायला लावतो. पण ही खूण स्क्रू हातात असतानाच कामाची. मिक्सर उलटा करून बघा. रबरी पायांच्या आत, बोटभर खोल भोकाच्या तळाशी स्क्रू बसवलेला असतो. तिथे उजेड पोचत नाही, डोळा पोचत नाही. आत काय आहे ते टोकाने चाचपून ठरवावं लागतं, आणि चाचपताना पहिलाच चुकीचा पीळ खाचेची कड मोडतो. अशा ठिकाणी दांडीवरचा आकडाच माणसाला वाचवतो.

साध्या फुलीच्या, म्हणजे पीएचच्या, रचनेचा जन्म दुरुस्तीच्या टेबलावर झालेला नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरातले हेन्री फिलिप्स यांनी जॉन थॉम्प्सन यांची मूळ कल्पना विकत घेतली, तिच्यात सुधारणा केली आणि 1936 मध्ये पेटंटं मिळवली. प्रॉव्हिडन्सच्या अमेरिकन स्क्रू कंपनीने असे स्क्रू बनवायला घेतले आणि जनरल मोटर्सने ते कॅडिलॅक गाड्यांत वापरले. चपट्या खाचेतून मशीनचा ड्रायव्हर बाजूला सरकायचा, फुलीत तो आपोआप मधोमध बसायचा. धावत्या पट्ट्यावर गाडी जोडणाऱ्या कामगाराला यातून वेग मिळाला. शिवाय जास्त पीळ बसला की ड्रायव्हर वर निसटतो, हाही फायदाच, असं काही जण म्हणतात. असेंब्ली लाइनवर असेलही. गंजलेला गिझर उघडणाऱ्याला त्या निसटण्याचा त्रासच आहे.

या निसटण्यावर उपाय म्हणूनच पुढे पॉझिड्राइव्ह आला, आणि खरा घोटाळा इथून सुरू होतो. हा उपाय काढण्यात इंग्लंडच्या गेस्ट, कीन अँड नेटलफोल्ड्स या कंपनीचा मोठा वाटा होता. आपल्या जुन्या सुतारांच्या तोंडी ज्या ‘जीकेडब्ल्यू’ स्क्रूंचं नाव असायचं, त्या गेस्ट कीन विल्यम्सचं हे विलायतेतलं मूळ घराणं. पॉझिड्राइव्हच्या पाकळ्यांच्या भिंती जवळजवळ सरळ असतात, त्यामुळे ड्रायव्हर वर ढकलला जात नाही. मोठ्या पाकळ्यांच्या मधल्या कोपऱ्यांत चार बारीक धारा असतात. स्क्रूच्या डोक्यावर ओळखीची खूण म्हणून फुलीच्या चार हातांच्या मधल्या जागांत तिरप्या चार बारीक रेघा असतात. उजेडात धरून डोकं थोडं कलतं केलं की त्या चमकतात. नसतील तर पीएच, असतील तर पीझेड. माहिती नसलेल्या माणसाला त्या रेघा म्हणजे नक्षी वाटते, किंवा दिसतच नाहीत.

पीझेड 2 च्या खाचेत पीएच 2 चं टोक जातं. हीच अडचण आहे. जातं म्हणून माणूस फिरवतो. निमुळत्या पाकळ्या सरळ भिंतींना फक्त एका कडेवर टेकतात, थोडा जोर झाला की टोक वर येतं आणि कड सोलून नेतं. उलट पीझेडचं टोक पीएचच्या खाचेत पूर्ण बसत नाही, मधल्या धारा आडव्या येतात. दोन्ही दिसायला फुलीच, दोन्ही नंबरने 2, आणि तरी एकमेकांच्या कामाचे नाहीत.

पॉझिड्राइव्ह ही आता परदेशी वस्तूंतली गोष्ट राहिलेली नाही. मॉड्युलर किचनच्या बिजागऱ्या काढून बघा, पलंगाच्या आणि कपाटाच्या पार्टिकल बोर्डमध्ये जाणारे चिपबोर्ड स्क्रू बघा. बहुतेक ठिकाणी पीझेड 2 आहे. आणि सुताराच्या मशीनला लावलेला बिट असतो पीएच 2, कारण पीओपीवाला जिप्समच्या काळ्या स्क्रूसाठी तोच वापरतो आणि दुकानात तोच ढिगाने मिळतो. बॅटरीवरच्या मशीनने पूर्वीच्या हाताच्या कितीतरी पट जोर मिळतो. त्यामुळे खाच पूर्वी दहा वेळा काढल्याघातल्यावर खराब व्हायची, ती आता एका झटक्यात जाते. बिजागरीचा स्क्रू लावतानाच खराब झालेला असेल, तर दोन वर्षांनी कपाटाचं दार लोंबायला लागल्यावर ते परत उचलून बसवायचं कुणी आणि कसं?

कपाटाचं दार लोंबलं तर निभावतं. विजेच्या बोर्डात तसं नाही, आणि या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच; त्याच्या टर्मिनलचा, म्हणजे तार जिथे दाबली जाते तिथला, स्क्रू नीट बघा. पुष्कळ कंपन्यांच्या एमसीबीत त्यावर चपटी खाच आणि फुली एकत्र असते, आणि ती फुली पॉझिड्राइव्हची असते. वायरमन आपला नेहमीचा पीएच 2 चालवतो. पीळ वाढत जातो, आणि तार पूर्ण दाबली जाण्याच्या जरा आधी टोक वर सरकतं. हाताला वाटतं, घट्ट झालं. तार मात्र आत अर्धवट दाबलेली राहते. एमसीबीसोबतच्या कागदावर किती न्यूटन-मीटर पीळ द्यायचा ते छापलेलं असतं. चुकीच्या टोकाने तो पीळ द्यायला गेलं की टोक आधीच सुटतं.

ढिल्या सांध्यात विजेला अडथळा वाढतो आणि तिथे उष्णता निर्माण होते. लक्षात घ्या, करंट मर्यादेतच असतो. गिझर जेवढा ओढायचा तेवढाच ओढतोय. त्यामुळे एमसीबी वेळेवर पडेलच असं नाही. कधी उष्णतेने उगाच पडतो, कधी पडतच नाही. सांधा तापतो, निवतो, परत तापतो. प्रत्येक वेळी तांबं फुगतं आणि आकसतं, पकड आणखी सैल होते. मी बोर्ड उघडतो तेव्हा टर्मिनलच्या भोवतीचं पांढरं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं असतं, तारेवरचं आवरण बोटभर मागे सरकून कडक पडलेलं असतं आणि हाताला तुकडे लागतात. स्क्रूच्या डोक्यावर मात्र फुलीच्या चारही कडा सोललेल्या, चकचकीत. त्या कडा बघितल्या की कुठल्या टोकाने काम झालं ते सांगायला कुणी लागत नाही. ज्या घरात हे होतं तिथली माणसं रात्री निर्धास्त झोपलेली असतात.

वायरमनच्या हातातल्या ड्रायव्हरवर पीएच 2 असं लिहिलेलं असतं आणि एमसीबीच्या पुढच्या बाजूला, जिथे अँपिअर छापता तिथेच, पीझेड 2 असं लिहिलेलं असतं, तर निदान दोन्ही जुळत नाहीत हे त्याला दिसलं असतं. आज त्याला दिसण्यासारखं समोर काहीच नाही. म्हणून एमसीबी आणि स्विच बनवणाऱ्यांनीही हे पत्र आपल्यालाच लिहिलंय असं समजावं.

तिसरी फुली आहे जपानची. तिच्याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ती मुख्यतः गॅरेजवाल्यांना छळते. हिरो होंडाची सीडी 100 किंवा यामाहाची आरएक्स 100 अजून ज्यांच्याकडे आहे, त्यांनी कार्ब्युरेटरच्या वाटीचे स्क्रू बघावेत. दिसायला साधी फुली, पण खाच जपानी मानकाची. तिच्यात पीएचचं टोक शेवटपर्यंत टेकत नाही आणि ॲल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं चिकटून बसलेला स्क्रू हलायच्या आत त्याची खाच जाते. पुष्कळदा अशा स्क्रूच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. मेकॅनिक हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर काढतात ते यासाठीच. जपानी मापाचं टोक मिळालं तर ठोकायची वेळ फार कमी येते. पण ते टोक आपल्या बाजारात नाव घेऊन मागायची सोय नाही, कारण दांडीवर काहीच लिहिलेलं नसल्यावर सगळेच ‘स्टार’.

तुमच्यापैकी काही जण हे आधीपासून करतात, हे मला माहीत आहे. त्यांचे ड्रायव्हर माझ्या पेटीत आहेत, मुठीवरचा आकडा झिजेपर्यंत वापरलेले आहेत आणि नवीन घेताना मी तेच मागतो. माझं म्हणणं बाकीच्यांशी आहे, आणि त्यांच्याकडून येणाऱ्या हरकतींचा अंदाज मला आहे.

खर्च वाढेल, ही पहिली हरकत असेल. पाकिटावर तुम्ही आजही छापताच. कायद्याने उत्पादकाचं नाव-पत्ता, नगांची संख्या, किंमत, महिना आणि वर्ष छापावंच लागतं. त्याच शाईने, त्याच ठशात तीन खुणा वाढतील. ड्रायव्हरच्या दांडीवर तुमचं नाव तर तुम्ही उठवताच. त्याच्या शेजारी नंबर उठवायला वेगळं मशीन लागत नाही. मुठीचा साचा बदलायला खर्च येईल, म्हणून साचा बदलायची वेळ येईल तेव्हा बदला. दांडीवरचा नंबर मात्र आत्ता होऊ शकतो.

दुसरी हरकत अशी की स्क्रू सुटे विकले जातात, दुकानदार पाकीट फोडून बरणीत ओततो. खरं आहे. पण बरणीत ओतणाऱ्यालाच पाकिटावरून कळलं, तर तो गिऱ्हाइकाला सांगेल. आज त्यालाही माहीत नाही. नाशिक, पुणे, कोल्हापूर, सांगली, कुठल्याही पेठेत जा आणि दुकानदाराला विचारा, हा स्क्रू पीएच की पीझेड? तो बरणी पुढे सरकवेल आणि म्हणेल, बघून घ्या.

तिसरी हरकत मला सर्वांत जास्त खटकते: गिऱ्हाईक विचारत नाही. गिऱ्हाईक कसं विचारणार? ज्या वस्तूवर आकडा कधी दिसलाच नाही, त्या वस्तूला आकडा असतो हे त्याला कळणार कुठून? एलईडी दिव्यावर वॅट छापलेले असतात म्हणून लोक 9 वॅटचा दिवा मागतात. ही सवय कुणाच्या घरी शिकवलेली नाही, ती छापील आकड्याने लागलेली आहे.

यात नवं काही शोधायचं नाही, मानक तयारच आहे. आयएसओ 8764 हे फुलीच्या ड्रायव्हरचंच मानक आहे. त्याचा पहिला भाग टोकांचा आहे, आणि हाताच्या ड्रायव्हरवरच्या दुसऱ्या भागाच्या नावातच दांडीच्या लांबीच्या जोडीला खुणांचाही उल्लेख आहे. म्हणजे ड्रायव्हरवर काय लिहायचं हा जगाने विचारात घेतलेला प्रश्न आहे. आपला भारतीय मानक ब्युरो आयएसओचा सदस्य आहे आणि ब्युरोच्या समित्यांवर उद्योगातली माणसं बसतात. जालंधर आणि लुधियानाच्या हातअवजारवाल्यांनी आणि आपल्या नाशिकच्या सातपूरसारख्या वसाहतींमधल्या कारखानदारांनी तिथे हा आग्रह धरला तर त्याला वजन येईल. पण कायद्याची वाट बघत बसायचं कारण नाही. स्वतःच्या पाकिटावर स्वतःच्या स्क्रूबद्दल खरी माहिती छापायला कुणाच्या परवानगीची गरज लागत नाही.

आणखी एक सुचवतो. पाकिटावर नंबराच्या शेजारी डोक्याचं खऱ्या मापाचं चित्र काढा, वरून दिसतं तसं, पीझेडच्या तिरप्या रेघांसकट. ज्याला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत असा कारागीरही स्क्रू त्या चित्रावर ठेवून ताडून बघेल. आमच्या धंद्यात अशी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांच्या हातात कसब भरपूर आहे. ड्रायव्हरच्या मुठीच्या बुडावरही आकड्यासोबत नुसती फुली की रेघांची फुली, हे उठवलं तर पेटीत उभ्या ठेवलेल्या दहा ड्रायव्हरांतून हवा तो न उपसता काढता येईल. शिडीवर उभं राहून एका हाताने पंखा धरलेल्या माणसाला याची किंमत कळते.

आयटीआयमध्ये शिकवणाऱ्या सरांनाही या निमित्ताने विनंती आहे. वायरमन आणि फिटरच्या वर्गात मुलांच्या हातात दोन स्क्रू द्या, एक पीएच आणि एक पीझेड, आणि फरक त्यांना शोधू द्या. पण मुलगा तिथून बाहेर पडून दुकानात गेल्यावर त्याला पाकिटावर तीच अक्षरं दिसली पाहिजेत, नाहीतर शिकलेलं तिथेच राहील.

तुमच्याकडून मला उत्तर हवं आहे. पॅकिंगचा पुढचा मजकूर छापायला जाईल तेव्हा त्यात खाचेचा प्रकार आणि नंबर असेल का, आणि कुठल्या महिन्याच्या मालापासून असेल, एवढं जाहीर करा. ज्या कंपन्या जाहीर करतील त्यांचा माल मी माझ्या दुकानात वापरेन, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, माझ्या ओळखीच्या प्रत्येक वायरमनला आणि सुताराला नाव घेऊन सांगेन.

आपला नम्र,
घरगुती उपकरणांचा एक दुरुस्तीकार
सांगली